खाऱ्या पाण्याचे आरसे

"दिवा मंद होऊन राह्यला, अश्विनी! मानत काऊन नाही?"

"दिवा नाही सर, आपलेच आरसे मंद झाले असतील."

केंद्रावर रांधणारी आणि आरसे धुणारी रुखमाबाई तेव्हा शेजारच्या खोलीत पिठलं घोटत होती. एवढी शिकलेली माणसं दिव्यावरून भांडतात म्हणजे बिलाचंच काही असेल, असं तिला वाटलं. भाकरी गार होऊन राह्यल्या म्हणून ती आत डोकावली, तसे हरिओम सर वही मिटून जेवायला उठले. ते केंद्राचे मोठे साहेब. त्यांचंच खरं ठरलं.

हे वेधशाळेचं केंद्र जळगाव जामोदच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याला. टेकडीवर मोठमोठे आरसे. अश्विनीनं तिला एकदा समजावलं होतं, "काकू, लई लांब एक आकाशगंगा आहे. तिच्या पोटातून भयंकर जोराचे गॅमा किरण निघतात. ते जमिनीवर पोचत नाहीत. वरच्या हवेवर आदळतात, तिथं निळा उजेड चमकून जातो. तेवढा आपण आरशात धरायचा. तोच आपला दिवा. वर्षानुवर्षं पाहिलं तर कळेल, तो विझत चालला का नाही. माझा जन्म त्याच्यातच जाणार."

"म्हणून लगन करत नाही का व?" रुखमाबाई म्हणाली होती. दोघी हसल्या होत्या.

रुखमाबाई वरवट बकालची, खारपाणपट्ट्यातली. तिथलं पाणी तोंडात धरवत नाही, डाळ शिजत नाही. टेकडीवरच्या बोअरलाही तसलंच. आरसे धुवायला म्हणून टँकर गोडं पाणी टाकीत ओतून जायचा. ते काचेवर सांडायचं तिच्या जिवावर यायचं. माहेरी गोड्या पाण्यानं कोणी भांडंसुद्धा घासलं नव्हतं. तिनं ते पिण्या-रांधण्याला राखलं आणि आरसे बोअरच्या पाण्यानं धुतले. हळूहळू, लेकराचं तोंड पुसावं तसे. कोणाला विचारायचं तिच्या मनातही आलं नाही.

दिवा मंदावतो आहे, असं सरांनी जगभर कळवलं. मग यंदा एक आरसा फुटला. त्या जागी कोरा बसवला, तर शेजारचे सगळे मोतीबिंदू झालेल्या डोळ्यांसारखे दिसू लागले. अश्विनीनं नखानं खरवडलं. पांढरा थर निघाला.

"काकू, पाणी कोणतं वापरता?"

"बोअरचं. गोडं काय काचेवर सांडाचं, माय?"

अश्विनीनं पुढच्या, मग त्याच्या पुढच्या आरशावर नख ओढून पाहिलं.

"मी चिंच लावून लख्ख करून देतो ना," रुखमाबाई घाबरून म्हणाली.

"आरसे होतील लख्ख. पण आतापर्यंतच्या उजेडातला थरानं किती खाल्ला अन् दिवा खरंच किती मंदावला, हे आता कोणालेच सांगता येणार नाही."

अश्विनीनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या दिवशी ती जेवली आणि उठताना म्हणाली, "वरण छान शिजलं, काकू." रुखमाबाईनं मग आपलं ताट तसंच झाकून ठेवलं.

पुढं सगळं लवकर आटपलं. चूक बाहेर कळली, अनुदान थांबलं, सर फोन उचलेनात. अश्विनीनं आपल्या हातानं आरशांवर ताडपत्री बांधली. दिवा विझला का नाही, हे रुखमाबाईनं तिला एकदाच विचारलं. "माहीत नाही, काकू," म्हणून अश्विनीनं पुढची गाठ मारली.

शहरात पाठवायच्या, आरशांतल्या उजेडाच्या नोंदींचं खोकं दर आठवड्याला फाट्यावर नेऊन एसटीच्या कंडक्टरकडं द्यायचं काम रुखमाबाईचं. शेवटचं खोकंही तिनंच नेलं. ते आता कोणी उघडणार नाही, हे तिला अश्विनीनंच सांगितलं होतं.

बस आली.

"उभं ठेवजो, भाऊ. वर गाठोडं नको पडू देऊ."

"हाव, मावशी. दरवेळेस तेच सांगतं तू."

त्यानं खोकं सीटखाली सरकवलं आणि घंटी दिली.