पद्मिनीकाकूंची मिठी

पुरुषोत्तम अमेरिकेतल्या ट्रॉय शहरातल्या एका मोटार कंपनीत ब्रेक डिझाइन करायचा. शनिवार-रविवार कलेसाठी राखीव. १९८५ साली त्याने व्हिडिओ कॅमेरा घेतला आणि मराठी कादंबरीवर चित्रपट काढत असल्याचं जाहीर केलं. अमेरिकेत हे आजवर कुणी केलेलं नाही, असंही सांगितलं. ते त्याने शोधलं नव्हतं, ठरवलं होतं.

कादंबरीतली सासू सुनेला छळून घराबाहेर काढते. नागपूरच्या लेखिकेने फोनवर परवानगी दिली, एका अटीवर: "शेवटी सासू सुधारता कामा नये." पुरुषोत्तमने शब्द दिला.

सुनेच्या भूमिकेसाठी महाराष्ट्र मंडळात रांग लागली. ती सीमाला मिळाली. सासू व्हायला मात्र कुणी तयार होईना, कारण कॅसेट प्रत्येकीच्या सासरी जाणार होती. "सासूबाईंना वाटेल मी त्यांचीच नक्कल करतेय," सगळ्या म्हणाल्या.

अखेर पद्मिनीकाकू उभ्या राहिल्या. त्यांच्या सासूबाई हयात नव्हत्या. मंडळाच्या रंगभूमीला एवढी पात्रता पुरते. पण काकूंनी कमाल केली. ताट हिसकावताना त्यांनी सीमाचं मनगट असं काही पिरगळलं की चित्रण चाललेल्या बेसमेंटभर टाळ्या पडल्या. सीमाने तेवढ्या वाजवल्या नाहीत.

चित्रण संपलं आणि काकूंच्या अमितला शिकागोचं स्थळ सांगून आलं. मुलीचे आईवडील प्रीमियरलाच येणार होते.

"अरे पुरुषोत्तम, शेवटी मी सुनेला मिठी मारते, एवढं टाक."

"काकू, लेखिकाबाईंना शब्द दिलाय."

"मग अमितला मुलगी तू शोध. आणि हॉल कुणी बुक केलाय, माहितेय ना?"

हॉल काकांनी बुक केला होता. काका मंडळाचे अध्यक्ष होते. पुरुषोत्तमच्या तत्त्वांना तेवढ्यात ब्रेक लागला. रविवारी मिठी शूट झाली. ग्लिसरीन काकूंनी घरूनच आणलं होतं.

प्रीमियरला लोक रडले, मग बटाटेवड्यांवर तुटून पडले. मुलीच्या आई वसुधाबाईंनी काकूंचं तोंडभरून कौतुक केलं, आणि शिकागोला पोचल्यावर मध्यस्थाला नकार कळवला. "छळलं ते नाटक म्हणून सोडून दिलं असतं," त्या म्हणाल्या. "पण ती मिठी! चारचौघांत इतकं गोड वागणारी बाई घरी कशी असेल?"

काकूंचा फोन लगेच आला. "ती मिठी आधी काप! अमितला ह्यूस्टनचं स्थळ आलंय, ते लोक कॅसेट मागताहेत."

पुरुषोत्तमने दोन व्हीसीआर जोडून मिठी उडवली. एक कॅसेट ह्यूस्टनला गेली, एक नागपूरला. कादंबरीशी आपण शेवटपर्यंत प्रामाणिक राहिलो, असं तो मंडळात सांगतो. काकू मान डोलावतात.