स्वयंपाकघरातला दुसरा फोन
मार्च २००६, सकाळचे अकरा. हजर: मी, सासूबाई आणि लाइनमनकाका. आमच्या द्राक्षांच्या पहिल्या परदेशी ऑर्डरचे कागद बाराच्या आत ईमेलने जायला हवे होते आणि नवं ब्रॉडबँड सारखं तुटत होतं. काकांनी विचारलं, "घरात दुसरा फोन हाय का?" स्वयंपाकघरातून सासूबाई म्हणाल्या, "हा काय, मनमाडच्या बहिणीशी बोलतेय!" तो फोन आम्हीच वायर ओढून जोडला होता. "मावशी, याला फिल्टरच नाय. तुम्ही बोललात की इंटरनेट गप्प!" काका हसले आणि फोनचा आवाज नि इंटरनेट वेगळं ठेवणारी फिल्टरची छोटी पांढरी डबी त्यांनी पिशवीतून काढून तिथे बसवली. सासूबाईंच्या गप्पा सुरूच राहिल्या, कागद वेळेत गेले, ऑर्डर टिकली. आज ड्रॉवर आवरताना ती डबी सापडली. 'काकांना द्राक्षांची पेटी देणे' यावर माझ्या तेव्हाच्या कामांच्या यादीत अजून खूण नाही.