"सर, तुम्ही बसा"

आमच्या घरात पदवी मिळवणारा पहिला मी, आणि ती मिळाली गावडे सरांमुळे. दहावीनंतर वडिलांनी मला वीटभट्टीवर कामाला लावलं होतं. सर आटपाडीहून चालत भट्टीवर आले, वडिलांशी तासभर बोलले आणि मला परत घेऊन गेले. तेच सर दोन महिने खाटेवरून उठत नाहीत, असा त्यांच्या मुलाचा, नितीनदादांचा फोन आला. मी शिकवतो त्या शाळेतून रजा काढली आणि पहाटेची एसटी धरली.

दुपारी उशिरा ठाण्याच्या खोपट स्थानकावर उतरलो. तिथून दुसऱ्या बसने डोंबिवली, सर आता नितीनदादांकडे तिथेच असतात. औद्योगिक वसाहत जवळ आली तसा खिडकीतून तिखट वास शिरला. शेजारच्या सीटवरच्या काकू म्हणाल्या की आमचं गाव नाकालाच आधी कळतं.

सर भिंतीकडे तोंड करून पडले होते. बाई, म्हणजे सरांच्या पत्नी, जाऊन वर्ष झालं होतं. ठाण्याच्या डॉक्टरांनी नैराश्याचा आजार आहे असं स्पष्ट सांगितलं होतं. गोळ्या दिल्या होत्या आणि रोज चालवा म्हणून बजावलं होतं. गोळ्या चालू होत्या. चालणं मात्र होत नव्हतं.

जेवायला वालाचं बिरडं होतं. सरांनी पाण्याकडे पाहिलं की नितीनदादा पेला त्यांच्या हातात देत. सर उठायला लागले की मी चपला पायाशी ठेवी. पानावरची नजर न उचलता सर म्हणाले, "आता माझ्याजोगं काही काम उरलं नाही रे." नंतर नितीनदादांनी मला स्वयंपाकघरात नेऊन हळू आवाजात सांगितलं, की सरांच्या काळजीने गॅलरीच्या दाराला ते हल्ली कुलूप लावतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सरांना रिक्षाने ठाण्याला तपासणीसाठी नेलं. नंबर लागायला तासभर होता, म्हणून तलावपाळीवर (मासुंदा तलावाच्या काठावर) थांबलो. सरांना कट्ट्यावर बसवून म्हटलं, "सर, तुम्ही बसा, हलू नका," आणि नारळपाणी आणायला गेलो. परत आलो तर कट्टा रिकामा.

मी आधी पाण्याकडे पाहिलं.

पाणी शांत होतं. बोटवाल्याला विचारलं, त्याने नुसती मान हलवली. नितीनदादांना फोन लावला नाही. काठाकाठाने धावत अर्ध्या तलावाला वळसा घातला, तेव्हा रस्त्यापलीकडे सर दिसले. डोक्यावर भाजीची पाटी घेतलेल्या एका आजीच्या मागून ते चालले होते आणि तिचा तराजू त्यांच्या हातात होता.

मी धापा टाकत तराजूला हात घातला. म्हटलं, सर, द्या इकडे.

आजी वळल्या. "त्याला कशाला आरवतंस (अडवतोस)? पाटी यानंच उचलून दिली. तू कय (कुठे) होतास?"

आमच्याकडेही भरली पाटी उचलायची असली की कुठलीही बाई वाटेवरच्या कुणालाही हात लावायला बोलावते, आणि नाही कुणी म्हणत नाही. आजींनी तेवढंच केलं होतं. हे सर आहेत, आजारी आहेत, त्यांना ठाऊकच नव्हतं. ते ठाऊक असलेले आम्ही सगळे मात्र त्यांना बसवत आलो होतो.

"राहू दे," सर मला म्हणाले. "कोपऱ्यापर्यंत पोचवतो यांना."

कोपऱ्यावर पोचल्यावर ते एका पायरीवर बसले. चेहरा पुन्हा विझला होता. बरे झाले, असं मी म्हणणार नाही. पण डॉक्टरांनी चालता का म्हणून विचारलं, तेव्हा सरांनी स्वतः उत्तर दिलं, "आज चाललो."

परतीच्या एसटीत मला मीच चपला पुढे सरकवताना दिसत राहिलो. घरी पोचल्यावर हे पत्र पाठवलं:

"आदरणीय सर, साष्टांग नमस्कार. गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका. तलावावर तुम्ही दिसला नाहीत तेव्हा मी फार घाबरलो होतो. त्या दिवशी बोललो नाही, म्हणून आज लिहितो. एक काम आहे. माझ्या नववीच्या वर्गाचे निबंध सोबत आहेत, ते तपासून हवेत. लाल पेन खालच्या दुकानातून तुम्हीच आणा. पाकीट पोस्टात तुम्हीच नेऊन टाका, नितीनदादांकडे देऊ नका. ते नेणार नाहीत, तसं त्यांनी कबूल केलं आहे. उशीर झाला तरी चालेल. मुलांना तुमचं नाव सांगून ठेवलं आहे. आपला, सदाशिव."