पूर्वाभिमुख पिंपं

बिअरसाठी आमच्या डॉक्टरकाकांनी जेवढा घसा कोरडा केला, तेवढा उभ्या ब्रिटनमध्ये दुसऱ्या कुणी केला नसेल. आणि तो ओला करायला त्यांना संध्याकाळभर अर्धा पाइंट पुरतो. काका मूळचे नागपूरचे. इथल्या हॉस्पिटलात त्यांनी जन्मभर माणसांना भूल दिली. समोरचा झोपण्याआधी जेमतेम दोन वाक्यं बोलायला मिळायची, त्याची भरपाई ते निवृत्तीनंतर करून घेताहेत, असं माझा नवरा म्हणतो.

मेडनहेडजवळच्या या गावात आम्ही पुण्याहून आलो, तेव्हा मी घरूनच काम करायचे आणि दिवसभरात माझ्याशी बोलणारा एकच माणूस म्हणजे पार्सलवाला. एका गुरुवारी शेजारी राहणारे हे डॉक्टरकाका दारात उभे. "अगं, घरात काय कोंबडीसारखी अंडी उबवत बसतेस? चल, पबमध्ये क्विझ आहे. आमच्या टीममध्ये एक माणूस कमी पडतोय."

"काका, मी पीत नाही."

"मग काय झालं? मी तरी कुठे पितो? लाइम अँड सोडा घे. यांना भारतातल्या नद्या येत नाहीत, तू हवीस."

नद्यांवर एकही प्रश्न आला नाही. पण घरी परतताना गावातली चार माणसं मला नावानं हाक मारत होती, आणि त्या रात्री मला किती बरं वाटलं ते मी नवऱ्यालाही नीट सांगू शकले नाही.

पब गावातल्या लोकांनीच मिळून चालवायला घेतला होता. मॅनेजर म्हणून लिंडा होती. काकांकडे कुठलंच पद नव्हतं, त्यामुळे ते सगळ्यातच लक्ष घालायचे. सकाळी पझल लावणाऱ्या आजीबाई, दुपारी विणकामवाल्या, मंगळवारी डार्ट्स, आणि महिन्यातून एकदा काकांच्या हातची मिसळ. एकदा तर त्यांनी लंडनमधल्या एजवेअरच्या मराठी महिला मंडळाला "अतिशय जुनी वास्तू दाखवतो" असं सांगून बसभर बायका आणल्या. जुनी वास्तू म्हणजे पब आहे हे कळल्यावर त्यांनी सरळ डबे उघडले, चहा मागवला, आणि रॅफलच्या सोडतीतली निम्मी बक्षिसं घेऊन गेल्या. बाहेरचं खाणं चालत नाही, हे सांगायला आलेली लिंडा चकली खात परत गेली.

खऱ्या एलच्या, म्हणजे पिंपातच मुरणाऱ्या बिअरच्या बाबतीत मात्र काकांचा स्वभाव एकदम करडा व्हायचा. "पिंपातली बिअर जिवंत असते, इडलीच्या पिठासारखी. पिंप तळघरात आडवं ठेवायचं, गाळ खाली बसू द्यायचा, आणि मग त्याला बोट लावायचं नाही. पेशंट झोपलाय, हलवू नका!" तळघरात ते कुजबुजतच बोलायचे. आम्हीही चोरपावलांनी उतरायचो.

मग जागेच्या मालकानं कळवलं की धंदा असाच मंद राहिला, तर इमारत बिल्डरला विकून तिथे फ्लॅट्स होतील. शेवटचा निर्णय घ्यायला तो एका संध्याकाळी स्वतः येणार होता. नेमका दसरा. काकांनी हा शुभशकुनच मानला. मालकाला जत्रा दिसली पाहिजे म्हणून त्यांनी चार गावांत आमंत्रणं केली, आणि सकाळीच मला आणि नवऱ्याला घेऊन तळघरात उतरले. दसऱ्याला हत्यारांची पूजा नको? नळ ठोकायचा लाकडी हातोडा, पंपाच्या नळ्या, सगळ्यांना हळदकुंकू झालं. आणि मग काकांच्या लक्षात आलं की पिंपांची तोंडं पश्चिमेला आहेत.

"असं कसं चालेल? पूर्वेला करा!"

आणि ज्या माणसानं आजवर पिंपाला बोट लावू दिलं नाही, त्यानं स्वतः माझ्या नवऱ्याला हाताशी धरून एकेक पिंप फिरवलं, झेंडूचे हार घातले, नमस्कार केला. मी ताट धरून शेजारी उभी होते. भक्तिभावापुढे तिघांचीही अक्कल गहाण पडली होती.

संध्याकाळी पब खच्चून भरला. लिंडानं मालकासमोर पहिला ग्लास भरला, तर गाळानं गढूळ झालेला मठ्ठा! दुसऱ्या पिंपातून मठ्ठा, तिसऱ्यातूनही तेच. काकांचा चेहरा पाहवेना. लिंडा काही सारवासारव करणार, तेवढ्यात ते मालकापुढे जाऊन उभे राहिले.

"माय फॉल्ट, सर. देवासाठी मी पिंपं फिरवली. उद्यापर्यंत गाळ बसेल. यात लिंडाचा काही दोष नाही."

मला वाटलं, आता एकेक जण कोट चढवणार. डार्ट्सवाला कीथ म्हणाला, "मग उद्याही येऊ की! आज ती तिखट उसळ तर आहे ना?" आणि खुर्ची ओढून बसला. कुणीही उठलं नाही. लोकांनी सायडर घेतली, चहा घेतला, मिसळ खाऊन डोळे पुसले. काकांनी कुंपणावरची पानं तोडून आणली होती, ती त्यांनी सोनं म्हणून सगळ्यांना वाटली. मालक दोन बशा मिसळ खाऊन, बंद व्हायच्या वेळेपर्यंत बसला. जाताना लिंडाला म्हणाला, "बिअर नसतानाही ज्या पबातून माणसं उठत नाहीत, तो विकला तर लोक मला वेडा म्हणतील."

पब वाचला. काकांचे गुडघे मात्र गेले, आणि लेकीनं त्यांना मिल्टन कीन्सला आपल्या घरी नेलं. घर मोठं आहे, लेक जीव टाकते. पण तिथे कुठेही जायचं तर गाडी हवी, आणि काकांनी आता गाडी चालवणं सोडलंय. या परक्या देशात मला माणसं मिळाली ती त्यांच्यामुळे, हे मी त्यांना एकदा सांगितलं, तर "फालतू बोलू नकोस" म्हणून रागावले. गुरुवारची क्विझ झाली की शुक्रवारी सकाळी त्यांचा फोन ठरलेला.

"काल गर्दी होती का गं?"

"खूप होती काका. बसायला जागा नव्हती."

"माझ्या खुर्चीवर?"

खोटं बोलावंसं वाटलं. पण याच गर्दीसाठी तर त्यांनी एवढा आटापिटा केला होता.

"तिथेही कुणीतरी नवीन होतं."

"मग झालं तर," काका म्हणाले. फोन मात्र त्यांनी ठेवला नाही. "आणि नद्यांवर प्रश्न आला का गं?"