काठोकाठ कप आणि अमेरिकन ब्रेक

सप्टेंबरातल्या एका मंगळवारी सकाळी आम्ही ब्रिस्टल सोडलं तेव्हा पाऊस पडत होता, आणि पुढचे पाच दिवस त्याने आमची पाठ सोडली नाही. गाडी मी चालवत होतो. शेजारी माझा मित्र दिलीप सबनीस पोटाशी उशी धरून बसला होता, मागच्या सीटवर सुलभावहिनी, आणि त्यांच्या मागे हुकाला जोडलेला कॅम्पर ट्रेलर. ट्रेलर म्हणजे चाकांवरची एक खोली: तीन बिछाने, शेगडी, बेसिन आणि एक दार.

सगळा खटाटोप त्या दारासाठी होता. दिलीप मूळचा वेंगुर्ल्याचा, सूर्य समुद्रात बुडताना बघत वाढलेला. स्कॉटलंडच्या वायव्य किनाऱ्यावर ट्रेलर उभा करायचा, दाराच्या पायरीवर चहा घेऊन बसायचं आणि सूर्य पाण्यात जाताना बघायचा, एवढंच त्याला हवं होतं. पश्चिमेला पाणी ब्रिस्टलजवळही आहे, असं मी त्याला एकदा सुचवून पाहिलं.

"तो चिखल आहे," तो म्हणाला.

आम्ही दोघं जवळजवळ तीस वर्षं एकाच विमानाच्या कारखान्यात. तो डिझाइनला, मी टेस्टिंगला. त्याने आखायचं आणि मी त्यात खोट काढायची, अशी आमची मैत्री. हा ट्रेलर त्याने फेब्रुवारीत केंब्रिजच्या पलीकडे मायदेशी निघालेल्या एका अमेरिकन कुटुंबाकडून घेतला. इथल्या कॅरॅव्हॅनचं सोपं असतं. गाडी मंदावली की त्या मागून रेटा देतात आणि त्या रेट्यानेच त्यांचे ब्रेक लागतात. अमेरिकन ट्रेलरला मात्र वीज लागते. चालकाच्या गुडघ्यापाशी ब्रेक कंट्रोलर नावाची एक डबी बसवायची, आणि तुम्ही ब्रेक दाबला की ती ट्रेलरच्या चाकांकडे करंट सोडते.

ट्रेलरबरोबर अशी एक जुनी डबी आली होती, टायमरवाली. तुम्ही ब्रेक हळू दाबा की जोरात, तिचा करंट आपल्या ठरलेल्या गतीनेच चढणार. मी ती कामाच्या बाकावर जोडून तपासली. चालत होती.

"मग लाव की, आणि निघू," दिलीप म्हणाला. तो मार्च महिना होता.

"चालते म्हणजे काय? हळू थांबताना हिसका बसेल. तुझं पोट आधीच बरं नाही. मी नीट बघून निवडतो."

त्याला पित्ताचा त्रास आहे, असं आम्हा सगळ्यांना सांगण्यात आलं होतं.

मग मी निवडायला बसलो. दुसऱ्या प्रकारच्या डबीत लोलक असतो. गाडी जेवढ्या जोराने मंदावते तेवढाच तो झुकतो आणि तेवढाच करंट पुढे जातो. म्हणजे हिसका नाही. मी इंटरनेटवरच्या अमेरिकन लोकांची भांडणं वाचली, तक्ता केला, न्यू जर्सीतल्या मेहुण्याला कामाला लावलं. त्याने पाठवलेली पहिली डबी माझ्या गाडीच्या उतरत्या डॅशबोर्डवर सपाट बसेना, आणि लोलक तर अगदी सपाट लागतो. ती परत गेली. दुसरी आली, तिच्यासाठी मी पट्टी घडवली, ती मनासारखी झाली नाही म्हणून दुसरी घडवली. डॅशबोर्डवर काठोकाठ भरलेला चहाचा कप ठेवायचा आणि गाडी थांबवताना थेंबही सांडता कामा नये, ही माझी कसोटी. दर रविवारी दिलीप फोन करायचा, "काय म्हणतोय ब्रेक?" आणि मी त्याला अर्धा तास सांगायचो. कप सांडायचा थांबला तेव्हा ऑगस्ट संपत आला होता. दिलीप तोवर फार वाळला होता. पथ्यामुळे, असं सांगितलं गेलं आणि मीही ते मानलं.

पहिली रात्र प्रेस्टनजवळ काढून बुधवारी आम्ही पुन्हा मोटरवेला लागलो. ब्रेक झकास लागत होते. वहिनींनी दशम्या आणि लसणाची चटणी आणली होती, ती मी एकट्यानेच खाल्ली. दिलीपने फ्लास्कमधला मेतकूट-भात दोन चमचे घेतला आणि झाकण लावायला सांगितलं. केंडलच्या पुढे एका लेबायमध्ये (रस्त्याकडेची गाड्या थांबवायची जागा) मी थांबलो आणि ट्रेलरच्या चाकांना हाताची मागची बाजू लावून पाहिली. दोन्ही चाकं सारखीच कोमट होती. खुशीत परत आलो तर वहिनी मागचं दार उघडून, पावसाकडे पाठ करून, एका बारक्या पिचकारीत औषध मोजून भरत होत्या. बाटलीवरचं नाव मला वाचता आलं.

"वहिनी, हे पित्ताचं औषध नाही."

त्यांनी बाटलीचं झाकण फिरवून घट्ट केलं. "मॉर्फिन आहे."

"कधीपासून?"

"हे जूनपासून. कळलं मार्चमध्ये."

"आणि मला कुणी सांगितलं नाही."

"कुणालाच नाही सांगितलं, भावजी. लोक भेटायला येतात आणि चेहरे पाडून बसतात, ते यांना नको होतं. तुम्ही दोघं दर रविवारी बोलता, तुम्हाला तरी यांनी सांगितलं असेल असं मला वाटलं."

मला राग आला. आधी त्यांचाच आला, हे कबूल करतो. पुण्यात माझ्या आईच्या आजारात आम्हीही मामाला 'अशक्तपणा आहे' असंच सांगत राहिलो होतो, अगदी शेवटच्या आठवड्यापर्यंत. आपल्याकडे आजार असाच पदराखाली ठेवतात, हे मला चांगलं ठाऊक होतं. म्हणजे पित्त म्हटल्यावर मीच खोदून विचारायला हवं होतं. कारखान्यात एक स्क्रू ढिला दिसला तर मी चार सह्या अडवून धरायचो. इथे डोळ्यांसमोर माणूस अर्धा झाला आणि मी कप भरत बसलो.

पुढे शॅपचा चढ लागला. वर उघडा माळ, ढग रस्त्यावर उतरलेले, आणि आडवा वारा. शेजारून एक लॉरी गेली तसा ट्रेलर डुलू लागला आणि स्टिअरिंग माझ्या हातात वळवळलं. डबीला हाताने दाबायची एक पट्टी असते, तिने फक्त ट्रेलरचे ब्रेक लागतात. ती हळूच दाबली, ट्रेलर मागे ताणला गेला आणि सरळ झाला. दिलीपने डोळे उघडले.

"एवढं सिलेक्ट करून शेवटी हातानेच लावायचा?"

"वाऱ्यात लावावा लागतो."

"हे तुझ्या रविवारच्या लेक्चरमध्ये नव्हतं," म्हणून त्याने डोळे मिटले. मला हसता आलं नाही.

एडिनबराजवळ खाडीकाठच्या कॅम्पसाइटवर पोचलो तेव्हा संध्याकाळ होती, पण समुद्र कुठे दिसेना. तिथल्या व्यवस्थापक बाई छत्री धरून बाहेर आल्या आणि ही 'हार' (समुद्रावरून येणारं दाट धुकं) आहे, असं त्यांनी सांगितलं.

"उद्या जाईल?" मी विचारलं.

"जाईल कधीतरी," त्या म्हणाल्या आणि दिलीपकडे बघून आम्हाला नळाजवळची जागा दिली.

दिलीपची मुलगी मृणाल एडिनबरात डॉक्टर आहे, तिला भेटायलाच आम्ही वाट वाकडी केली होती. तिचा जन्मच ब्रिस्टलचा. ती हॉस्पिटलमधून तडक आली, वडिलांचं पोट तपासलं, आणि मग बराच वेळ बेसिनवर हात धूत राहिली.

"बाबा, इथून पुढे मी तुला नाही पाठवणार. वर हॉस्पिटल्स खूप लांब आहे. तुझी पेन कंट्रोलमध्ये नाही राहिली, तर आई काय करेल?"

"दोनच दिवसांचा रस्ता आहे गं."

"ही ट्रिप मेमध्ये असती तर मी हो बोलली असती."



गुरुवारी दुपारी वहिनी आणि मृणाल औषधं आणायला शहरात गेल्या. दिलीपला दारात बसायचं होतं. मी त्याला धरून पायरीवर बसवलं, खांद्यांवर रजई घातली आणि चहा केला. समोर नुसतं पांढरं होतं. लाटा ऐकू येत होत्या.

"पूर्वेचा समुद्र आहे हा," तो म्हणाला. "यात सूर्य उगवतो." थोड्या वेळाने त्याने विचारलं, "अरविंद, ती जुनी डबी बसवायला किती वेळ लागला असता?"

टेस्ट रिपोर्टमध्ये मी आयुष्यात कधी खोटं लिहिलं नाही. "एक दुपार."

त्याने मान डोलावली.

"तुला माझा राग येत नाही?"

"येतो ना. थोडा माझापण येतो. बोलायला हवं होतं मी." कप त्याच्या हातात जड झाला होता, तो मी घेतला. "पण तू फोनवर ब्रेकचं सांगत बसायचास ना, तेवढा अर्धा तास मी पेशंट नसायचो. घरी सगळे हळू आवाजात बोलायचे. मला वाटायचं, धिस मॅन थिंक्स वी हॅव ऑल द टाइम इन द वर्ल्ड. बरं वाटायचं रे ते. घाई कर म्हटलं असतं तर ते गेलं असतं."

शुक्रवारी सकाळी आम्ही माघारी वळलो. धुकं तसंच होतं, समुद्र आम्हाला शेवटपर्यंत दिसला नाही. दोन दिवस दिलीप बहुतेक झोपूनच होता. ब्रिस्टलमध्ये शिरल्यावर चढउतार, सिग्नल, झेब्रा क्रॉसिंग सगळं आलं. प्रत्येक ठिकाणी मी थांबलो आणि एकदाही त्याची झोप मोडली नाही. त्याच्या दाराशी गाडी बंद करून मी तसाच बसून राहिलो. शेवटी वहिनींनीच त्याला हलवून उठवलं.

दिलीप दिवाळीच्या आधी गेला. घरी परतल्यावर माणूस प्रवासात काय पाहिलं ते सांगतो. मला सांगण्यासारखं एवढंच, की वायव्य किनारा मी पाहिलेला नाही.

नोव्हेंबरात एका शनिवारी मी लोलकवाली डबी काढली आणि ती जुनी टायमरवाली बसवली. सव्वादोन तास लागले. डॅशबोर्डवर काठोकाठ चहा भरून कपबशी ठेवली, ट्रेलर जोडला आणि घरामागच्या रिकाम्या गल्लीत हळू जाऊन ब्रेक दाबला. बारीकसा हिसका बसला आणि दोन-तीन थेंब बशीत सांडले. मी आणखी चार वेळा करून पाहिलं. दर वेळी तेवढेच.