साहेबांची रात्रपाळी

पहिली बस पहाटे पाच दहाला सुटायची. नऊ वर्षं ती ताईंनी चालवली आणि नऊ वर्षं मी त्याच गाडीवर कंडक्टर होतो. आमच्या डेपोतल्या त्या सगळ्यात जुन्या बाई ड्रायव्हर. वय बावन्न, आवाज खणखणीत, आणि झोपेच्या बाबतीत भलत्याच कडक. रात्री साडेआठला दिवा बंद, पहाटे पावणेचारला उठायचं. घरी पाहुणे असले तरी साडेआठ वाजले की "बसा तुम्ही निवांत" म्हणून त्या सरळ आत निघून जायच्या. नातेवाइकांत त्यामुळे त्यांचं नाव जरा खराबच होतं. मी एकदा तसं म्हणालो, तर म्हणाल्या, "चाळीस माणसं माझ्या डोळ्यांच्या भरवशावर बसतात रे. रुसू दे कोण रुसतंय ते."

अशा बाईंच्या घरी साहेब आले.

साहेब म्हणजे ताईंच्या आईचा कुत्रा. चौदा वर्षांचा, तपकिरी, तोंडाभोवतीचे केस पांढरे झालेले, डोळ्यांवर निळसर साय धरलेली. पिल्लू असताना घरात आला आणि थेट हातांच्या खुर्चीत चढून बसला, म्हणून त्याचं नाव साहेब पडलं. आई बाथरूममध्ये पाय घसरून पडल्या म्हणे, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, आणि ताईंच्या भावाने त्यांना आपल्याकडे नेलं. त्याचं घर तिसऱ्या मजल्यावर, त्यात वहिनींना कुत्र्याच्या केसांनी दम लागायचा. म्हणून एका रविवारी भाऊ साहेबांना त्यांच्या वाडग्यासकट ताईंच्या दारात सोडून गेला.

"थोड्याच दिवसांचा प्रश्न आहे," भाऊ म्हणाला. "काही त्रास नाही त्याचा. आई म्हणते, रात्री एकदा झोपला की सकाळपर्यंत हलत नाही."

त्याच रात्री साडेअकराला ताईंना जाग आली. टक टक टक टक. फरशीवर नखं वाजत होती. साहेब स्वयंपाकघरापासून बाहेरच्या दारापर्यंत जात होते, दाराला नाक लावून वळत होते आणि परत येत होते. ताईंनी पाणी दिलं, प्यायला नाही. खाली फिरवून आणलं, एका खांबाचा वास घेऊन परत आला. पुन्हा टक टक टक. एक वाजता आवाज थांबला म्हणून बाईंचा डोळा लागला, तोच भुंकणं सुरू. जाऊन बघतात तर साहेब बाथरूमच्या दारामागे भिंतीकडे तोंड करून उभे! आत शिरले होते, पण मागे कसं सरकायचं ते सुचत नव्हतं. त्यांना ओढून बाहेर काढलं. तीन वाजता ते पायपुसण्यावर आडवे झाले आणि घोरायला लागले. पावणेचारला गजर झाला.

"नवी जागा आहे, रुळेल," मी म्हणालो.

"रुळेल," ताई म्हणाल्या.

दोन आठवडे गेले. साहेब काही रुळले नाहीत. मी पहाटे गाडीत चढलो की विचारायचो, "काल साहेबांनी किती राउंड घेतले?" सुरुवातीला ताई हसायच्या. पुढे पुढे हसेनाशा झाल्या, तेव्हा मी विचारणं सोडलं.

ताईंचे यजमान, म्हणजे आमचे भावोजी, गाद्या आणि सोफ्याच्या उशा शिवतात. रस्त्याच्या कडेला त्यांचं दुकान आहे. कुत्रा झोपत नाही ही गोष्ट त्यांनी आपल्या कारागिरीवरच घेतली. आधी त्यांनी सहा इंच फोमची मऊ गादी शिवली. साहेब तिच्याभोवती सात वेळा गोल फिरले आणि शेजारी फरशीवर बसले. मग कापसाची झाली. मग कडेने लोड लावलेली. "लोक माझ्या गादीसाठी महिना महिना थांबतात," भावोजी हिरमुसून म्हणाले, "आणि याला पायपुसणं गोड लागतं." एवढं बोलून ते स्वतः आडवे व्हायचे आणि पाच मिनिटांत डाराडूर. त्यांच्या कानाशी बँड वाजवला तरी कूस बदलणार नाहीत. त्या घोरण्याचा ताईंना साहेबांच्या नखांपेक्षा जास्त राग यायचा.

डेपोत तर ज्याच्या त्याच्याकडे सल्ला तयार. मेकॅनिक म्हणाला, दमवा त्याला, आपोआप झोपेल. ताईंनी संध्याकाळी तासभर चालवलं. परतताना साहेबांचे मागचे पाय लटपटले आणि अठरा किलोंचा कुत्रा कडेवर घेऊन बाई जिने चढल्या. साफसफाईवाल्या मावशी म्हणाल्या, पोटभर खायला घाला. तसं घातलं, तर रात्रीतून दोनदा खाली न्यावं लागलं. कुणी म्हणालं, दुर्लक्ष करा, ओरडून ओरडून गप्प बसेल. तसंही केलं. दुसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावरचे मास्तर वर आले, "मला काही म्हणायचं नाही" म्हणाले, आणि अर्धा तास बोलले.

शेवटी एका रात्री ताईंनी हात टेकले. साहेबांना मागच्या गॅलरीत नेलं, दार लावलं आणि डोक्यावर उशी घेतली. वीस-पंचवीस मिनिटं तो रडला. मग गप्प झाला. ताईंना महिन्याभरात पहिल्यांदा सलग झोप लागली. पहाटे दार उघडलं तर साहेब दाराला कपाळ टेकून तसेच उभे होते. अंगाखाली ओलं, पाय थरथरत होते.

"मी त्याला पुसत होते," ताई मला नंतर म्हणाल्या, "आणि तो माझाच हात चाटत होता. असा संताप आला म्हणून सांगू! त्याच्यावर का माझ्यावर, तेसुद्धा कळेना. पुसायचं फडकं आपटलं मी बादलीत."

त्याच आठवड्यात ती गोष्ट घडली. शाळेजवळच्या सिग्नलला लाल दिवा होता. समोरून एक बाई हातात पिशवी घेऊन रस्ता ओलांडत होती. मी पुढच्या दाराशी तिकिटं फाडत होतो. गाडी हळू व्हायला हवी होती, ती होत नव्हती. मी आरशात पाहिलं. ताईंचे डोळे मिटलेले.

"ताई!" मी एवढ्या जोरात ओरडलो की माझाच आवाज मला ओळखू आला नाही.

ब्रेक कचकन लागला. उभी माणसं एकमेकांवर पडली, एका काकांचा चष्मा फुटला. ती बाई गाडीच्या पुढच्या काचेपासून हातभर अंतरावर, पिशवी छातीशी धरून उभी राहिली होती. तिला लागलं नव्हतं. कुणालाच फारसं लागलं नव्हतं. ताई खाली उतरल्या, तिला हात जोडून काहीतरी बोलल्या आणि पुन्हा जागेवर येऊन बसल्या. शेवटच्या स्टॉपपर्यंत त्यांनी गाडी अशी चालवली, जणू आज पहिल्यांदाच चालवतायत.

गाडी रिकामी झाल्यावर त्या म्हणाल्या, "झोपले होते मी. दोन सेकंद असेल. मॅनेजरला सांगायला चाललेय."

"ताई, कशाला? लोकांना वाटलं, ब्रेक उशिरा लागला. कुणाला काही कळलेलं नाही."

"मला कळलंय ना," त्या म्हणाल्या आणि गेल्या.

मॅनेजरने त्यांना तीन आठवडे गाडीवरून उतरवलं आणि हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीत बसवलं. छत्र्या, डबे, एका पायातले बूट. नऊ वर्षं एकही फेरी न चुकवलेली बाई तिथे बसून लोकांना "छत्रीचा दांडा कुठल्या रंगाचा होता?" असं विचारत होती. समोरून गाड्या सुटताना त्या मान वर करायच्या नाहीत.

दुपारी सुट्टी व्हायची, म्हणून त्या एकदाच्या साहेबांना घेऊन जनावरांच्या दवाखान्यात गेल्या. सोबत भावोजीही गेले. डॉक्टरबाई फटकळ होत्या. त्यांनी साहेबांचे मागचे पाय दाबून पाहिले, डोळ्यांत दिवा मारला आणि विचारलं, "रात्री जागतो. बरं. दिवसा काय करतो?"

"दिवसा हे दुकानात नेतात त्याला," ताई म्हणाल्या. "घरी एकटा नको म्हणून."

"आणि दुकानात काय करतो?"

"अगदी शहाण्यासारखा झोपतो!" भावोजी कौतुकाने म्हणाले. "फोमच्या ढिगावर. मी शिलाई मशीनसुद्धा लांब नेऊन ठेवलंय, दचकू नये म्हणून."

"किती वेळ?"

"नऊ ते सात. मध्ये जेवतो तेवढाच."

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. ताईंनी हळूच मान वळवून नवऱ्याकडे पाहिलं. ते पाहणं कसं होतं, ते भावोजींनी मला नंतर स्वतः सांगितलं. म्हणाले, "लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, पण त्या दिवशी मला पहिल्यांदा भीती वाटली."

डॉक्टरबाईंनी सगळं नीट समजावलं. म्हाताऱ्या कुत्र्याच्या डोक्यात दिवस-रात्रीची अदलाबदल होते, त्यामुळे दिवसा दर तास-दीड तासाने त्याला उठवायचं, उन्हात दहा पावलं चालवायचं. मऊ गादीत त्याचे पाय रुततात, उठता येत नाही, म्हणून तो तिच्यावर बसत नाही. त्याला पातळ, घट्ट गादी हवी. फरशीवर पाय घसरतात, तर पॅसेजमध्ये सतरंजी टाका. रात्री बारीक दिवा ठेवा, कारण अंधारात त्याला दिसत नाही आणि तो घाबरतो. जेवण सहाला, शेवटची चक्कर दहाला. सांधे दुखतात त्यावर गोळी. "पण बाई," त्या शेवटी म्हणाल्या, "आधीसारखा होणार नाही. रात्र जरा आखूड करता येईल, एवढंच."

घरी आल्यावर ताईंनी जे तोंड सोडलं ते संध्याकाळपर्यंत बंद झालं नाही. दुसऱ्या दिवशी खिडकीतून माझ्यापाशी तेच. "महिनाभर! महिनाभर हा माणूस त्याला दिवसा अंगाई गातोय आणि मी रात्री त्याच्यामागे फिरतेय!"

भावोजी चूक सुधारायला लागले. चौथी गादी शिवली, दोन बोटं जाडीची. दुकानात साहेब पेंगायला लागले की ते कात्री ठेवून त्यांना दारापर्यंत चालवायचे. दहाची चक्करही त्यांच्याकडेच आली. पंधरा दिवसांत फरक पडला. साहेब साडेदहाला चौथ्या गादीवर झोपायला लागले आणि अडीच-तीनपर्यंत झोपू लागले. त्यानंतर मात्र टक टक. सतरंजीमुळे आवाज दबला होता, पण ताईंच्या कानांना आता तेवढाही पुरायचा.

त्या रविवारी ताई आईला भेटायला भावाकडे गेल्या. आई खिडकीपाशी वॉकर समोर ठेवून बसल्या होत्या.

"आई, खरं सांग," ताई म्हणाल्या. "रात्री हलत नाही म्हणालीस. तू काय करायचीस त्याला?"

"करायचं काय? डोक्यावर हात ठेवून बसायचं."

"कधी?"

"तो उठला की."

"आणि किती वेळ?"

आई वॉकरच्या रबरी मुठीशी खेळत राहिल्या. मग म्हणाल्या, "उजाडेपर्यंत."

दोन वर्षं असं चाललं होतं. रात्री दोघं जागायचे आणि दुपारी दोघं झोपायचे. आणि आई पडल्या त्या बाथरूममध्ये पाय घसरून नव्हे. त्या रात्री तीनच्या सुमाराला पॅसेजमधल्या अंधारात साहेबांना अडखळून पडल्या होत्या.

"मग आम्हाला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही त्याला कुठेतरी नेऊन सोडलं असतं."

"अगं, पण तुझं हाड मोडलं!"

"मोडलं ते जुळतंय की," आई म्हणाल्या. "तू आज गोळी दिलीस का त्याला?"

ताई चहा न घेता उठल्या. मला सांगताना त्यांचा आवाज चढला होता. "दोन वर्षं रोज फोनवर विचारायचे, झोप लागते का गं? म्हणायची, लागते की छान. आणि चीड कशाची येते माहितेय? खोटंसुद्धा बोलत नव्हती. लागायची झोप. दुपारी!"

तीन आठवडे संपल्यावर मॅनेजरने पाच दहाच्या गाडीची किल्ली त्यांच्यापुढे ठेवली. ताईंनी ती परत सरकवली. दुपारी दोन ते रात्री दहाची पाळी मागून घेतली, ती नवख्यांना देतात ती. रूट लांबचा, रस्ता गर्दीचा, प्रवासी वैतागलेले. मॅनेजर म्हणाला, विचार करा, एकदा सोडलेला रूट परत मिळत नाही. ताई म्हणाल्या, "विचार करायला मला रात्रभर वेळ असतो."

आता तीनला साहेब उठले की एक दिवस ताई आणि एक दिवस भावोजी त्यांच्याजवळ बसतात. भावोजींच्या दिवशीही आधी ताईंनाच जाग येते, मग त्या भावोजींना हलवून हलवून उठवतात. तेवढ्या वेळात त्या स्वतः पुऱ्या जाग्या झालेल्या असतात. उजाडल्यावर साहेब झोपतात, मग ताई नऊपर्यंत झोपतात, आणि नऊला भावोजी साहेबांना उठवायला लागतात, कारण डॉक्टरबाईंनी सांगितलंय.

मी अजून पहिल्या गाडीवर आहे. नवा ड्रायव्हर चांगला आहे, पण खड्डा आला की आधी सांगत नाही. दुपारी दीडला माझी पाळी संपते आणि ताई डेपोच्या फाटकातून आत येतात. परवा त्या आल्या तेव्हा डोळे तांबारलेले होते.

"काय, काल फार जागवलं वाटतं?" मी विचारलं.

"कसलं जागवलं! काल पाच वाजेपर्यंत झोपला मेला. एकदाही उठला नाही."

"मग बरंच झालं की."

"बरं काय डोंबल! मी तीनपासून जागी. हा अजून उठत कसा नाही म्हणून चार वेळा नाकापुढे हात धरून श्वास बघितला त्याचा."

एवढं बोलून त्या गाडीत चढल्या, आरसा सरळ केला, आणि दारात घुटमळणाऱ्या प्रवाशांवर खेकसल्या, "चढा पटापट, आत सरका!"