चकलांब्याच्या वाटेवर, कुलपांच्या वस्तीत

वेगवेगळ्या देशांत एखाद्या वर्षी नेहमीपेक्षा जास्त माणसं का मेली, हे शोधणाऱ्या गटात मी पुण्यात काम करते. इतकी वर्षं हे फक्त संगणकाच्या पडद्यावर, आकड्यांत पाहिलं होतं. बीडच्या दुष्काळी वस्त्यांवर कुणीतरी जायचं ठरलं, तेव्हा मीच हात वर केला.

पहाटेची एसटी नगरमार्गे दुपारी गेवराईला पोचते. स्टँडसमोर भाकरी-पिठलं झकास मिळतं. पुढे चकलांब्याकडे जीप, ती भरल्याशिवाय हलत नाही. चैत्रात जाणार असाल तर पाणी दुप्पट घ्या.

चकलांब्याच्या अलीकडच्या एका वस्तीवर मी उतरले.

"तितं कावून उतरता?" जीपवाला म्हणाला. "समदे कारखान्यावर हायेत."

ऊसतोडीला गेलेल्या टोळ्या परतल्याच नव्हत्या. बंद दूध सोसायटीपासून गल्ली सुरू झाली. दोन्हीकडे कुलपं, दारांपुढे कोरडे ड्रम. कुत्रंही भुंकलं नाही. माझ्या नोंदीतलं पत्र्याचं घर सापडलं, तिथंही कुलूपच. मी वळले, तोच आतून आवाज आला.

"कोन हाय?"

मी दाराशी वाकले. फटीत एक म्हातारा डोळा दिसला. इथल्या आजोबांविषयी विचारायला आले, असं मी सांगितलं.

"हळू बोल गं बाई. आत्ताच त्यांचा डोळा लागलाय."

माझ्या हातात त्यांच्या मृत्यूची नोंद होती. गेला चैत्र. कारण: वार्धक्य. तरीही मी फटीशी कान नेला आणि घोरणं ऐकू येतंय का, ते ऐकत राहिले.

तेवढ्यात शेजारच्या यशोदाताई टँकरवरून हंडा घेऊन आल्या. त्या अंगणवाडी चालवतात. किल्ली त्यांच्याकडेच होती. दार उघडताच भट्टीसारखी झळ आली. आत रिकामी बाज, उशीवर ओला फडका. फटीतून बोललेल्या गयाआजींनी पाण्याचा तांब्या आधी बाजेपाशी ठेवला, मग स्वतः प्यायल्या.

यशोदाताईंनी मला आपल्या घरी नेलं. बुद्धाच्या तसबिरीखाली बसून त्या बोलल्या.

"गयाआजी भरकटतात. म्हनून लेक तोडीला जाताना किल्ली मला देतो, कामाला निघाले की मी कुलूप लावते. त्या दिशी बी दोघांना आत ठिवून मी गेवराईला मीटिंगला गेलते. यायला सांज झाली. म्हातारा उन्हानं गेलता, आजी वारा घालत बसल्या हुत्या."

मी लिहीत होते.

"माझं नाव लिवनार का?"

"नाही, ताई."

"लिवा. लई दिस झाले, कुनी इचारलंच न्हाई."

निघण्याआधी आम्ही दोघींनी आजींची बाज लिंबाखाली नेली. दिवसा कुलूप लावणार नाही, आजींना अंगणवाडीत बसवीन, असं यशोदाताई म्हणाल्या. तो शब्द त्या पाळताहेत. मी फोन करते, तेव्हा मागून आजींचा आवाज येतो.

पुण्यात परतल्यावर मी आमच्या नोंदीत 'वार्धक्य' खोडून 'उष्णता' लिहिलं आणि प्रश्नावलीत एक प्रश्न वाढवला: मृत्यूच्या वेळी दार बाहेरून बंद होतं का?

युरोपातल्या माझ्या सहकारी बाईंकडेही त्याच उन्हाळ्यात एकटी राहणारी म्हातारी माणसं उन्हानं गेली होती; त्यांना मी तो प्रश्न पाठवला. दुसऱ्या दिवशी त्यांचं उत्तर आलं.

"प्रश्न ठेवू या. फक्त आमच्याकडे दारं आतून बंद असतात."